रिकामी खोबण : मोटारीच्या एंजिन-संगणकाच्या वाचनाचा इतिहास

१. विषय आणि त्याची मर्यादा

मोटारीच्या एंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक पेटीतून बाहेर काढावा, त्याच्या सर्किट बोर्डावर अठ्ठावीस पायांचे सॉकेट डाख देऊन बसवावे, आणि त्यात आपण स्वतः लिहिलेली स्मृतिचिप घालावी, ही कृती प्रथमदर्शनी इतिहासाच्या किंवा भाषेच्या अभ्यासकाचा विषय वाटणार नाही. ती कारागिराची कृती आहे. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी, मुख्यतः अमेरिकेत, अनेक हौशी माणसांनी ती घरच्या टेबलावर केली. आणि ती करण्यापूर्वी त्यांना एक निराळेच काम पार पाडावे लागले. ज्या लेखनाचा कोश नाही, व्याकरण नाही आणि ज्याच्या कर्त्याने ते इतरांना समजावे अशी कधी इच्छा धरली नाही, असे एक लेखन त्यांना वाचावे लागले. हे वाचन कसे झाले, त्यासाठी लागणारी जागा यंत्रात मुळात कोणी व का ठेवली, आणि पुढे कायद्याने या वाचनाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, एवढाच प्रश्न प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा आरंभीच वेगळ्या करणे इष्ट आहे. यंत्राच्या स्मृतीत साठविलेला मजकूर काय सांगतो हे समजून घेणे म्हणजे वाचन, आणि त्या मजकुराच्या जागी दुसरा मजकूर ठेवणे म्हणजे लेखन. सॉकेट बसविणाऱ्याच्या हातून ही दोन्ही कामे एका मागोमाग घडतात, आणि त्यामुळे ती एकच आहेत असा समज रूढ झाला. हा समज किती महाग पडतो ते निबंधाच्या उत्तरार्धात दिसून येईल.

२. एंजिन लिहिले जाऊ लागले

पेट्रोलच्या एंजिनास प्रत्येक क्षणी दोन गोष्टी ठरवून द्याव्या लागतात : आत येणाऱ्या हवेत इंधन किती मिसळावयाचे, आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडावयाची. कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर यांच्या काळात हे निर्णय धातूच्या आकारातच सामावलेले असत. छिद्राचा व्यास, स्प्रिंगचा ताण, फिरत्या वजनांचा भार हीच त्या निर्णयांची भाषा होती. कारागीर तिला हाताने व कानाने जाणत असे, आणि पेचकसाने बदलीत असे.

ही व्यवस्था मोडली ती हवेच्या प्रश्नामुळे. अमेरिकेत १९७० साली झालेल्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांनी मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. १९७५ च्या मॉडेलांपासून तेथील बहुसंख्य गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पुढे आलेला त्रिविध क्रियेचा कन्व्हर्टर तर मिश्रणाचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहिले तरच नीट काम करतो. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, असे ते प्रमाण आहे. बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायू मोजून क्षणोक्षणी प्रमाण सुधारण्याचे काम स्प्रिंगला व छिद्राला झेपणारे नव्हते. म्हणून ते विद्युतमंडलांकडे आले. जनरल मोटर्सने १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत ठिणगीच्या नियंत्रणासाठी मायक्रोप्रोसेसर वापरला. बॉश कंपनीच्या मोट्रॉनिकने १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत इंधन व ठिणगी ही दोन्ही कामे एकाच अंकीय संगणकाकडे सोपविली.

या संगणकाच्या विचाराचा गाभा म्हणजे कोष्टके. एका बाजूस एंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या बाजूस शोषनळीतील हवेचा दाब किंवा तत्सम भार, आणि दोहोंच्या छेदात एक अंक : इंधनाचा, किंवा ठिणगीच्या अंशांचा. प्रत्यक्ष स्थिती दोन घरांच्या मध्ये पडली तर संगणक शेजारच्या अंकांवरून मधला अंक काढतो. कार्ब्युरेटरच्या छिद्रात जे आकाररूपाने होते ते येथे अंकरूपाने आले. एंजिनाचा स्वभाव प्रथमच लिहिला गेला, आणि जे लिहिले जाते ते वाचताही येते व बदलताही येते.

हे अंक ठेवावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मोटारधंद्याबाहेर तयार होऊन बसले होते. १९७१ साली इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही स्मृतिचिप सिद्ध केली. तिच्यात विजेने लिहिलेला मजकूर वीज बंद झाली तरी टिकतो, आणि माथ्यावरील क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटे पाडला की पुसला जातो. मजकूर मोठ्या संख्येने व कायमचा ठरला असेल, तर तो प्रोसेसरच्या पोटातच छापून घेणे स्वस्त पडे. पण तो अजून बदलण्याचा संभव असेल, तर वेगळी चिप सोयीची. पुढील सारा इतिहास या साध्या व्यापारी हिशेबातून निघाला आहे.

३. खोबण कोणी ठेवली ?

हौशी माणसाने कारखान्याची बंद पेटी फोडून तिच्यात आपली जागा निर्माण केली, असे या विषयाचे चित्र सामान्यतः रंगविले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. तीन कारखान्यांची उदाहरणे पाहिली असता जागा कारखान्यानेच ठेवली होती, असे आढळते.

पहिले उदाहरण जनरल मोटर्सचे. १९८१ पासून या कंपनीने आपल्या अमेरिकन मोटारगाड्यांत सरसकट संगणक बसविण्यास आरंभ केला. गाड्यांचे प्रकार पुष्कळ. वजन, गिअर व एंजिन यांचे संयोग त्याहून अधिक. प्रत्येकासाठी निराळी पेटी बनविणे परवडणारे नव्हते. म्हणून पेटी समाईक ठेवून त्या त्या गाडीची कोष्टके एका काढता येण्याजोग्या प्रॉम चिपमध्ये ठेवली गेली. पेटी बिघडली तर नवी पेटी प्रॉमशिवाय येत असे, आणि दुरुस्ती करणाराने जुन्या पेटीतील प्रॉम काढून नवीत घालावयाचा असे. म्हणजे चिप उपटणे व बसविणे ही येथे गॅरेजमधील मान्य व शिकविलेली कृती होती.

दुसरे उदाहरण फोर्डचे. १९८३ साली आलेल्या ईईसी-फोर या संगणकात चिपसाठी सॉकेट नव्हते. परंतु पेटीच्या टोकाशी, झाकणाखाली, बोर्डाची एक कड उघड्या संपर्कपट्ट्यांसह सोडलेली होती. कारखान्याच्या तपासणीसाठी ठेवलेल्या या जोडणीतून बाहेरची स्मृती लावली की आतील स्मृती बाजूस सारली जाते. ट्यूनरांनी, म्हणजे एंजिनाची कोष्टके जुळविणारांनी, हे दार ओळखले, आणि पट्ट्यांवरील संरक्षक लेप खरवडून तेथे आपली चिप लावली.

तिसरे उदाहरण होंडाचे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके. १९९२ ते १९९५ च्या सिव्हिक गाडीचा पी-२८ या खुणेने ओळखला जाणारा संगणक घेऊ. त्याचा ओकी कंपनीचा प्रोसेसर आपल्या पोटातील छापील मजकुरावर चालतो. त्याच बोर्डावर अठ्ठावीस छिद्रांची दुहेरी रांग, जवळच वीस छिद्रांची दुसरी रांग, आणि काही किरकोळ भागांच्या जागा मात्र रिकाम्या असतात. जपानी बाजारातील कित्येक होंडा संगणकांत याच जागी वेगळी स्मृतिचिप बसविलेली सापडते. अर्थ उघड आहे. एकच बोर्ड दोन्ही रीतींनी वापरता यावा अशी त्याची रचना होती, आणि अमेरिकेतील मजकूर निश्चित झाल्यावर तेथील पेट्यांत त्या जागेची गरज उरली नाही. ती भरली गेली नाही, पण बोर्डाच्या रेखाटनातून पुसलीही गेली नाही. जुन्या पोथीत पुढील टीकेसाठी सोडलेला समास कोरा राहावा, तशी ती राहून गेली.

४. सॉकेट बसविण्याची कृती

या कोऱ्या समासाचा उपयोग कसा केला जातो, हे पाहिल्याशिवाय पुढील चर्चा अधांतरी राहील. पेटी या सिव्हिकमध्ये पुढील प्रवाशाच्या पायांजवळ, बाजूच्या आवरणामागे असते. बॅटरी सोडवून ती काढली जाते व झाकणाचे स्क्रू उलगडले जातात. कारखान्यात बोर्ड वितळलेल्या डाखावरून नेला जात असल्यामुळे रिकामी छिद्रेही डाखाने बुजलेली असतात. प्रत्येक छिद्र तापवून, शोषक पंपाने किंवा तांब्याच्या जाळीदार फितीने तो जुना डाख काढणे, हेच साऱ्या कामातील अवघड काम होय. उष्णता कमी पडली तर छिद्र मोकळे होत नाही. अधिक झाली तर छिद्राभोवतीचे तांब्याचे कडे बोर्डापासून सुटते, आणि मग ती वाट जोडण्यास तारेचा तुकडा लावावा लागतो. येथे घाई करणाराचा बोर्ड वाया जातो.

त्यानंतर चिप सरळ न डाखता तिच्यासाठी सॉकेट डाखले जाते. याची कारणे दोन. चिपला डाखाची उष्णता लागत नाही, आणि ती पुनःपुन्हा काढून बदलता येते. शेजारी वीस पायांचा ७४एचसी३७३ हा लॅच, दोन लहान कपॅसिटर व एक रेझिस्टर बसतात. शेवटी 'जे-१' अशी खूण असलेल्या दोन छिद्रांत एक साधी तार जोडली जाते.

या भागांचे कार्य लक्षात घेतले की कृतीतील अनाकलनीयता नाहीशी होते. स्मृतीत ३२,७६८ घरे आहेत; त्यांतील कोणतेही एक सांगण्यास पंधरा तारा लागतात. घरातील मजकूर वाचण्यास आठ तारा लागतात. वीज, भूमी आणि नियंत्रणाचे पाय मिळून आणखी पाच, एकूण अठ्ठावीस. परंतु प्रोसेसर पाय वाचविण्यासाठी पत्त्याचा खालचा अर्धा भाग व मजकूर या दोहोंना तेच आठ पाय वापरतो : आधी पत्ता सांगतो, मग त्याच वाटेने उत्तर ऐकतो. उत्तर येईपर्यंत तो पत्ता कोणीतरी धरून ठेवला पाहिजे. ते काम लॅच करतो. आणि 'जे-१' ची तार प्रोसेसरला एवढेच कळविते की आता पोटातील मजकूर बाजूस ठेवून बाहेरचा वाचावयाचा. तार तोडली की यंत्र पुन्हा आपल्या मूळ मजकुराकडे परतते. मूळ पाठ नष्ट न करता दुसरा पाठ चालविण्याची ही सोय या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

५. वाचनाची पद्धत

सॉकेट बसले, तरी त्यात घालावयाचे काय ? येथपासून विषय भाषाभ्यासकाच्या क्षेत्रात येतो. ज्या संगणकांत मजकूर वेगळ्या चिपमध्ये होता, तेथून तो वाचनयंत्राने उतरवून घेता येई. हाती येत ती बत्तीस हजार संख्यांची एक अखंड माळ. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच्या संख्या, एकामागून एक. त्यांतील कोणत्या संख्या प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा, कोणत्या कोष्टकांतील अंक, आणि कोणत्या नुसत्या भरतीच्या, याची कोणतीही खूण नाही. शब्द न तोडता लिहिलेल्या शिलालेखापुढे आरंभी जी स्थिती होते, तीच ही.

पहिला धागा सापडला तो अंकांच्या स्वभावात. आज्ञांच्या प्रदेशात शेजारच्या संख्यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. त्या वेड्यावाकड्या उड्या घेतात. कोष्टकाच्या प्रदेशात मात्र त्या हळूहळू चढतात किंवा उतरतात, कारण एंजिनाची गरज हळूहळू बदलते. माळ योग्य रुंदीच्या ओळींत मांडली की टेकडीसारखा एक पृष्ठभाग उभा राहतो. म्हणजे व्याकरण कळण्यापूर्वी हिशेबाची पाने ओळखू आली. क्रीट व ग्रीस येथील लिनिअर-बी लिपीच्या बाबतीत असेच घडले होते, हे या पत्रिकेच्या वाचकांस ज्ञात आहे. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी ती लिपी उलगडण्याच्या कितीतरी आधी तीतील अंकचिन्हे समजली होती, आणि त्यामुळे त्या विटा कोठारांच्या नोंदी असाव्यात हा तर्क करता आला होता. व्हेंट्रिस हे व्यवसायाने वास्तुविशारद होते, ही गोष्टही येथे अप्रस्तुत नाही.

दुसरी पद्धत तुलनेची. एकाच घराण्यातील दोन संगणकांचे मजकूर शेजारी ठेवले असता बराचसा भाग समान निघतो आणि काही ठिकाणी भेद पडतो. दोन गाड्यांची एंजिने कोठे भिन्न आहेत हे आधीच माहीत असल्याने भेदाच्या जागेवरून तिचे कार्य ताडता येते. प्रतींचे पाठभेद लावून संहितेचा इतिहास काढणाऱ्या अभ्यासकास ही रीत नवी वाटणार नाही. फरक इतकाच की तेथे पाठभेद बहुधा लेखनिकाच्या हातून अभावितपणे होतो, आणि येथे तो हेतुपूर्वक केलेला असतो.

तिसरी पद्धत सर्वांत निर्णायक, आणि ती सॉकेटमुळेच शक्य झाली. एक संख्या बदलावयाची, बाकी सर्व तसेच ठेवावयाचे, चिप घालावयाची आणि एंजिनाच्या वागणुकीत काय फरक पडला ते पाहावयाचे. भाषेतील एखादा ध्वनी अर्थभेदक आहे किंवा नाही हे आपण अशाच रीतीने ठरवितो. 'काळ' व 'गाळ' या शब्दांत एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, म्हणून क आणि ग हे मराठीत भिन्न वर्ण ठरतात. हौशी वाचकांनी या परीक्षेचे नाव बहुधा ऐकले नव्हते. परंतु अज्ञात व्यवस्थेपुढे उभ्या राहिलेल्या चिकित्सक बुद्धीस ती आपोआप सुचते, असे दिसते. प्रारंभी हे काम संथ होते, कारण प्रत्येक बदलास अतिनील प्रकाशाखाली चिप पुसावी लागे. विजेने पुसता येणाऱ्या चिपा आल्यावर ते मिनिटांवर आले, आणि सॉकेटमध्ये चिपचे सोंग घेणारी उपकरणे आल्यावर चालत्या एंजिनातच अंक बदलता येऊ लागले.

या वाचनात एक प्रकारचा चकवा वारंवार आढळतो. एंजिनाचा वेग एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी संख्या शोधताना प्रथम फेऱ्यांचा आकडा शोधण्याची प्रवृत्ती होते, आणि तो सापडत नाही. कारण तेथे वेग लिहिलेला नसतो. एका फेऱ्यास लागणारा काळ लिहिलेला असतो. संगणकाला वेग दिसत नाही, त्याला दोन खुणांमधील काळ तेवढा मोजता येतो. म्हणून संख्या मोठी तर वेगाची मर्यादा कमी, असा उलटा व्यवहार तेथे चालतो. परक्या भाषेत आपल्या भाषेचे प्रवर्ग शोधू नयेत, हा वर्णनात्मक भाषाशास्त्राचा पहिला धडा येथे यंत्राने दिला.

अशा रीतीने कोष्टकांची नावे ठरली, पत्त्यांच्या याद्या झाल्या, आज्ञांचा उलगडा करणारे व कोष्टके पडद्यावर मांडणारे कार्यक्रम लिहिले गेले. यांतील पुष्कळसे काम मोबदल्याशिवाय झाले आणि हातोहात पुढे गेले. त्याचे दोषही नमूद केले पाहिजेत. नाव हे अनुमान असते. पण ते यादीत छापले गेले की सिद्धान्तासारखे वागू लागते. ज्याने इंधनाचे कोष्टक नीट न समजता अंक उतरविले, त्याच्या एंजिनात मिश्रण विरळ होऊन नॉकिंग सुरू होते, आणि पिस्टन फुटतो. चुकीच्या अन्वयार्थाची इतकी त्वरित व इतकी रोख शिक्षा आपल्या शास्त्रात सुदैवाने नाही.

६. वाचन, लेखन आणि कायदा

येथवरचा इतिहास कौतुकाचा वाटेल. परंतु मजकुरातील अंक मालकाच्या एंजिनापुरते नसतात. त्यांचा परिणाम सर्वांच्या हवेवर होतो. समृद्ध मिश्रणाने शक्ती वाढते, तसा कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. म्हणून अमेरिकन कायद्याने प्रदूषण-नियंत्रणात ढवळाढवळ करण्यास बंदी घातली, आणि १९९० च्या दुरुस्तीने ती व्यक्तिमात्रास लागू केली. कॅलिफोर्नियात रस्त्यावरील गाडीत असा भाग वापरावयाचा तर त्यास राज्याच्या वायुमंडळाची पूर्वसंमती लागते. लेखनावरील हे बंधन न्याय्य आहे, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. २०२० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, त्यापूर्वीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांतील धूरनियंत्रण काढून टाकण्यात आल्याचा अंदाज दिला आहे. हे हौशी माणसाचे निरुपद्रवी कुतूहल नव्हे.

मात्र लेखनाचा गैरवापर केवळ मालकांनी केला असे समजणे इतिहासास धरून होणार नाही. १९९१ ते १९९५ या काळातील ४.९ लिटर एंजिनाच्या कॅडिलॅक गाड्या वातानुकूलन चालू असता बंद पडत, अशा तक्रारी आल्या. जनरल मोटर्सने त्यावर नवी चिप काढली; वातानुकूलन चालू होताच ती मिश्रण समृद्ध करी. गाड्या बंद पडणे थांबले. परंतु कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या तिपटीपर्यंत गेले. सरकारी प्रमाण-चाचणी वातानुकूलन बंद ठेवून होत असल्याने ते तीत दिसले नाही. १९९५ च्या अखेरीस तडजोड झाली. कंपनीने १ कोटी १० लाख डॉलर दंड मान्य केला आणि सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलावण्याचे ठरले. सॉकेटमधील चिप बदलून हवा बिघडविण्याचे हे बहुधा त्या काळातील सर्वांत मोठे प्रकरण असावे, आणि ते गॅरेजात घडले नव्हते.

याच सुमारास खोबण नाहीशी होऊ लागली होती. १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत ओबीडी-दोन ही निदानव्यवस्था सक्तीची झाली. मजकूर बोर्डावर पक्क्या डाखलेल्या फ्लॅश स्मृतीत गेला, आणि तो जोडणीच्या तारेतून बदलता येऊ लागला. हादऱ्यांनी ढिला होणारा सॉकेटचा सांधा गेला, हा लाभच झाला. तथापि वाचनाची वाट आता तांब्याच्या छिद्रांतून न जाता कुलपांतून व संकेतशब्दांतून जाऊ लागली. म्हणून होंडाचे कित्येक हौशी नव्या गाडीतही जुना पी-२८ जोडून घेत. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या अंकीय स्वामित्वहक्क कायद्याने अशी कुलपे ओलांडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला. त्यामुळे एक विलक्षण स्थिती उद्भवली. डाख देऊन सॉकेट बसवावे आणि उघड्या चिपमधील अंक पाहावे, तर ओलांडण्यास कुलूपच नव्हते; आपल्याच नव्या गाडीतील तेच अंक पाहणे मात्र अपराध ठरण्याचा संभव होता. लेखनाच्या भयाने वाचनही बंद झाले.

या घोटाळ्याची परीक्षा २०१५ साली झाली. या कायद्यातून वाहनांच्या मजकुरास सूट द्यावी की नाही, याचा विचार त्या वर्षी चालू होता. जुलै महिन्यात पर्यावरण संरक्षण संस्थेने सुटीविरुद्ध आपले मत कळविले; सूट दिल्यास लोक धूरनियंत्रण बदलतील, ही तिची भीती होती. त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, त्याच संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर आरोप ठेवला : तिच्या डिझेल गाड्यांतील मजकूर चाचणी चालू असल्याचे ओळखतो, आणि तेवढ्यापुरतेच धूरनियंत्रण पूर्णपणे चालवितो. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. हा प्रकार उघडकीस आला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी रस्त्यावर धूर मोजल्यामुळे. अंक वाचल्यामुळे नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु धूर मोजून 'काय' ते कळले. 'कसे' ते मजकूर वाचल्यावरच कळले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी नऊशेहून अधिक मजकूर-प्रती यंत्राच्या साहाय्याने तपासल्या, आणि त्यांतील चारशेहून अधिक प्रतींत संशयास्पद रचना दाखविली. त्या अभ्यासाला ट्यूनर-वर्तुळांत जमलेल्या साहित्याचा आधार मिळाला होता. चाचणी ओळखणाऱ्या या अटीला कारखान्याच्या कागदपत्रांत नाव होते 'ध्वनिविषयक' असे. हौशी वाचकाने दिलेले नाव चुकीचे असू शकते. कर्त्याने दिलेले नाव दिशाभूल करणारे असू शकते. दोन्ही ठिकाणी प्रमाण एकच : अंक प्रत्यक्षात काय करतो ते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये सूट मंजूर झाली, आणि वर्षभराने अमलात आली. निदान, दुरुस्ती व कायदेशीर फेरफार यांसाठी मालकास आपल्या वाहनाचे कुलूप ओलांडता येईल, असे तीत म्हटले. दर तीन वर्षांच्या फेरविचारात, २०१८, २०२१ व २०२४ या वर्षी, ती कायम राहिली. स्वच्छ हवेचा कायदा मात्र तिने शिथिल केला नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, एंजिन-संगणकातील रिकामी खोबण ही कारखान्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेची खूण होती. मजकूर बदलावा लागेल हे कर्त्यास ठाऊक होते, म्हणून त्याने जागा ठेवली. दुसरी, ती जागा वापरणाऱ्या हौशी माणसांचे खरे कर्तृत्व डाख देण्यात जितके आहे, त्याहून अधिक वाचनात आहे. आणि त्यांच्या पद्धती आपल्या शास्त्राच्या पद्धतींहून भिन्न नाहीत. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, वाचनाचा अधिकार आणि लेखनाचा अधिकार हे दोन भिन्न अधिकार होत. लेखनाने इतरांची हवा बिघडू शकते, म्हणून त्यावर समाजाचे बंधन असावे. वाचनाने कोणाचीही हवा बिघडत नाही; उलट, बिघडविणारा कोण हे ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. कॅडिलॅक व फोक्सवॅगन या दोन्ही प्रकरणांत बिघडविणारा स्वतः कर्ताच होता, आणि मजकूर केवळ कर्त्यालाच वाचता यावा अशी व्यवस्था अशा वेळी त्यालाच आश्रय देते.

आज मजकुरावर चालणारे यंत्र मोटारीपुरते राहिलेले नाही. वीज मोजणारी, रुग्णास औषध पोहोचविणारी, मते नोंदविणारी यंत्रेही अंकांच्या अशाच माळांवर चालतात. त्यांतील बहुतेकांत सॉकेटसाठी छिद्रे नाहीत, आणि ती असावीत असा आग्रह धरण्याचे कारणही नाही. मात्र त्या माळा कर्त्याखेरीज कोणीतरी, कोठेतरी, कायद्याच्या संमतीने वाचीत आहे किंवा नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या यंत्रांवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येकास आहे.